येणाऱ्याचा वाटा

माझी आत्या जालन्याच्या मिशन दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होती. पगार झाला की त्या संध्याकाळी ती बाजेवर पैसे मांडून बसायची आणि त्यांचे तीन वाटे करायची. पहिला मंडळीचा, म्हणजे रविवारी चर्चमध्ये द्यायच्या दानाचा. दुसरा येणाऱ्याचा. उरेल तो घराचा, त्यात वाणी, रॉकेल, दळण, कपडालत्ता सगळं. हा क्रम मी तिच्या घरी होतो तितकी वर्षं बदललेला पाहिला नाही. येणारा कोण, हे आधी ठरलेलं नसायचं. महिनाभरात कुणी ना कुणी येणार, हे मात्र ती धरूनच चालायची. वॉर्डातून सुट्टी मिळालेली आणि एसटीच्या भाड्यालाही पैसे नसलेली बाळंतीण, गावाकडून उपचाराला आलेला कुणाचा चुलता, वहीसाठी रडणारं शेजारचं पोर. वाटा कापडात बांधून ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची.

1972 साली त्या घरात येणारा मी होतो.

पावसाने 1970 पासूनच ओढ दिली होती. बहात्तरला मृगही कोरडा गेला आणि हत्तीही. आमचं गाव जालना तालुक्यातलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. रानात काम उरलं नाही तेव्हा आईवडील दुष्काळी कामावर गेले. आधी खडी फोडली, मग पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकली. घरात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी शिजायची. तिची भाकर थापता थापता तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दुखायचं. कामावर सुकडी वाटायचे. आई आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. एके दिवशी आत्या आली, आमची घोटभर पाण्यासाठीची वणवण तिनं पाहिली आणि वडिलांना म्हणाली, “दादा, हे लेकरू मी नेते.” वडिलांनी विचारलं, खायला काय घालशील? तिनं उत्तर दिलं नाही. माझी पिशवी भरायला घेतली.

आत्याचं सासर मूळचं बेथेलचं. जालन्याच्या बाहेर वसवलेल्या या वस्तीची हकीकत आमच्याकडच्या पोरांना पाळण्यापासून ऐकायला मिळते. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 1843 साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं होतं! तो पोरवयाचा म्हणून कोर्टाने त्याला आईबापांच्या ताब्यात दिलं आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांशी झगडले. नारायणराव मात्र ख्रिस्ती राहिले, 1854 साली पाळक झाले आणि पुढच्या दशकात जालन्याला आले. इथं त्यांचं ऐकून ख्रिस्ती झाले ते बहुतेक मांग आणि महार. त्यांना ना जमीन होती, ना विहीर. बाप्तिस्मा घेतला की असलेला आसराही जायचा. नारायणरावांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तिथं गाव वसवलं. 1873 साली न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळींची परिषद भरली होती. तिथं हे पागोटंवाले ब्राह्मण पाळक बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पाठीशी मराठवाड्यातली ही माणसं होती.

गावाला नाव दिलं बेथेल. बायबलमधलं बेथेल म्हणजे भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन झोपला ती जागा. पुढं काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी उठून त्यानं नवस केला: देवानं मला अन्नवस्त्र दिलं, सुखरूप माघारी आणलं, तर मिळेल त्याचा दहावा हिस्सा देईन. दशमांशावरच्या उपदेशात हा उतारा हमखास येतो. आत्याला तो पसंत नव्हता. चर्चमधून येताना एकदा ती मला म्हणाली, “याकोबानं आधी अट घातली आन् मंग कबूल केलं. आपण तसं नाही करायचं, लेकरा.” शाळा तिची चौथीपर्यंतच झाली होती. बायबलच्या अर्थाची पुस्तकं मी पुढं वाचली, पण त्या एका वाक्यानं माझं जेवढं काम केलं तेवढं त्यांतल्या एकानंही केलं नाही.

आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा बोअरच्या गाडीवर मदतनीस होते. साठच्या दशकात दुष्काळ पडू लागले तेव्हा चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालन्यातल्या मिशनने खडकात कूपनलिका खणायचं काम हाती घेतलं होतं. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात हाताने विहीर खोदायची तर सुरुंग लावून, दगड उपसून महिनोन् महिने जातात आणि एवढं करून पाणी लागेलच असं नाही. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा तोच पाषाण एका दिवसात शंभर-दीडशे फूट भेदून जायचा. सुट्टीत मामा मला एक-दोनदा सोबत घेऊन गेले. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. भोकातून राखाडी भुकटी उसळायची आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. सगळं गाव त्या भुकटीकडे टक लावून उभं असायचं. भुकटीचा रंग गडद झाला की म्हातारे पुढं सरकायचे. मग ढेकळं, मग चिखल, आणि मग एकदम पाण्याचा फवारा. पोरं त्यात नाचायची. काम सुरू करायच्या आधी गावकरी गाडीला कुंकू लावून नारळ फोडायचे. मामा टोपी काढून, मान खाली घालून मिनिटभर उभे राहायचे. त्या दोन गोष्टींचं एकमेकींशी वाकडं आहे असं मला कधी वाटलं नाही.

प्रत्येक बोअरला पाणी लागायचं नाही, हेही सांगायला हवं. कधी दीडशे फूट गेलं तरी नुसती भुकटी. माणसं गाडीकडे बघत राहायची आणि बायका हळूहळू घागरी उचलायच्या. अशा वेळी देवाची इच्छा वगैरे मामांनी कधी कुणाला ऐकवलं नाही. दुसऱ्याच्या तहानेपुढं देवाची इच्छा सांगू नये, असं त्यांचं मत होतं. ते सरपंचाला म्हणायचे, “इथं खडकाला चीर नाही. नाल्याच्या अंगाला बघू.” घरी आले की मात्र रात्रीच्या प्रार्थनेत त्या गावाचं नाव घ्यायचे, आणि तिथं पाणी लागेपर्यंत घेत राहायचे. मी श्रद्धा म्हणतो ती ही. तिच्यात पाणी लागल्याचा दिवस होता तसा न लागल्याचाही होता, आणि दोन्ही दिवशी दुसऱ्या दिवशीचा डबा बांधला जायचा.

बोअर घेऊन भागत नव्हतं. वर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे. एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस बादल्या काढाव्यात, एवढंच त्यांचं बळ. खेड्यांत त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत हात पडायचा. दांडी मोडायची, खिळा झिजायचा. एवढा खर्च करून काढलेलं पाणी खाली आणि बायका वर. 1974 साली युनिसेफनं देशभर पाहणी केली तेव्हा चारांतले तीन पंप बंद पडलेले आढळले. जालन्याच्या मिशननं त्याआधीच पोलादी पंप घडवून पाहिला होता. तो जालना पंप या नावानं ओळखला जाऊ लागला. त्याच वाटेनं पुढं जाऊन सोलापूर पंप झाला, आणि सोलापूर पंपावरून सरकार आणि युनिसेफनं इंडिया मार्क टू घडवला. तो आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही उभा आहे. आपण गावोगाव ज्याला हापसा म्हणतो त्याच्या घडणीत आमच्या जालन्याचा हात आहे, हे जालन्यातल्याच फार थोड्यांना माहीत असतं. शिक्षक असताना शाळेत मी मुलांना दरवर्षी हे सांगायचो.

असाच एक हापसा त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिळाला. जागा निघाली ती आमच्या वस्तीपाशी, नाल्याच्या काठी. गावच्या विहिरीवर आम्हांला मज्जाव होता. आमच्या बायका विहिरीपासून लांब घागर ठेवून उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तसंच ताटकळायचं. आईची ही उभं राहण्याची पद्धत, एक हात कमरेवर आणि दुसरा डोळ्यांवर, मी अजून विसरलेलो नाही. हापसा बसला, आणि थोड्याच दिवसांत गावची विहीर आटली. एका संध्याकाळी गावातल्या बायका हंडे घेऊन आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. पुढं येईनात. बोलेनात.

आत्या आणि मी त्या दिवशी गावात होतो. आमच्यातल्या तरुणांचं म्हणणं पडलं की आता त्यांनी लांब हंडे ठेवावेत, आपण वरून ओतू. त्यांचं ते म्हणणं मला आजही अन्यायाचं वाटत नाही. आत्या उठली आणि हापशाजवळ गेली. “पाणी आपण ठिवलं व्हतं का खडकात?” एवढंच तिनं आमच्या माणसांना विचारलं. मग त्या बायकांना हाक मारून म्हणाली, “या. पण वळीनं या. आन् ज्येनं त्येनं आपल्या हातानं हापसायचं. इथं कुणी कुणाला वरून वाढणार नाही.” रांग लागली. रांगेत माझी आई मधे होती, तिच्या पुढंमागं गावातल्या बायका. दांडी एकच. त्या दांडीला आमचे हात लागलेले होते आणि आता त्यांचे लागत होते. कुणीतरी हंडा राखेनं घासून घेतला असेल घरी जाऊन. असेल, मला माहीत नाही. पण ओंजळ पुढं करून उभं राहणं त्या जागेवरून कायमचं गेलं.

माझा एक पुतण्या आंबेडकरी चळवळीत आहे. तो म्हणतो, काका, ही तर गिळलेली मानहानी, तिला तुम्ही क्षमा म्हणता. मी त्याच्याशी वाद घालतो. आत्यानं दिलं ते उपकार म्हणून दिलं नाही आणि भिऊनही दिलं नाही. देताना तिनं नियम घातला, आणि तो दोन्ही बाजूंना लागू केला. औदार्याला कणा असतो हे मी तिथं पाहिलं. पुतण्याला हे पूर्ण पटलेलं नाही. त्याचा राग खरा आहे आणि त्याच्या रागाचाही मी देणेकरी आहे.

पुढं मामांना लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मी तेव्हा डी.एड. करत होतो. घरात एकच पगार, त्यात औषधं, मालिश करणारा, वर माझा खर्च. त्या महिन्यात वडील जालन्याला आले होते. आत्यानं बाजेवर नेहमीसारखे वाटे केले तेव्हा ते चिडले. म्हणाले, “नवरा अंथरुणाला खिळलाय आन् तू परक्यांसाठी गाठोडं बांधतीस? आधी घरच्याचं बघावं. देवसुद्धा हेच सांगंल.” वडिलांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आत्यानंही म्हटलं नाही. येणाऱ्याचा वाटा तिनं निम्मा केला, पण काढला.

त्याच महिन्यात मंठ्याकडची एक बाळंतीण वॉर्डात होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, सोबत म्हातारी सासू. सुट्टी झाली तेव्हा त्यांच्याजवळ काहीच नव्हतं, आणि येणाऱ्याचा वाटाही तोवर संपलेला. आत्यानं पहिल्या गाठोड्याची, मंडळीच्या दानाची, गाठ सोडली. त्यातून एसटीचं भाडं आणि बाळासाठी दुपटं घेतलं. दवाखान्याच्या औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर माझ्याकडून लिहून घेतलं: देवबापाकडून उसने. पुढच्या पगाराला ती रक्कम आधी बाजूला काढून पहिल्या गाठोड्यात परत टाकली. ही गोष्ट मंडळीच्या खजिनदारांच्या कानावर गेली. त्यांना हे रुचलं नाही. दानाच्या पैशाला असा हात लावायचा नसतो, असं ते म्हणाले. आमचे पाळकसाहेब म्हातारे होते. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, वाचली, घडी घालून आत्याला परत दिली आणि विचारलं, “फेडलंस ना?” ती म्हणाली, हो. विषय तिथं संपला.

अलीकडे काही सभांतून सांगतात की देवाला द्या, तो दसपटीनं परत देईल. हे ऐकलं की माझा जीव कासावीस होतो. सावकारी व्यवहार झाला हा. आत्याला काहीही दसपट मिळालं नाही. मामा उठून बसले नाहीत. घराचे पत्रे निवृत्तीपर्यंत तेच होते. तिचा सगळ्यात आवडता उतारा सारफथच्या विधवेचा. दुष्काळ पडलेला, घरात मूठभर पीठ आणि थोडं तेल. एलीया संदेष्टा दारात येतो आणि म्हणतो, आधी मला एक भाकर कर. ती करते, आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ सरत नाही. उपदेशक या चमत्काराचं वर्णन करताना मडकं काठोकाठ भरून टाकतात. आत्या सांगायची, नीट वाच. भरलं असं कुठं लिहिलंय? सरलं नाही, एवढंच लिहिलंय. रोज सकाळी त्या बाईनं मडक्यात हात घातला असेल तेव्हा तळच लागला असेल. रोज भीती वाटली असेल. तरी त्या दिवसापुरतं निघालं. बहात्तर साली आमच्याकडे असंच होतं, आणि म्हणून ती कथा आत्याला लांबच्या देशातली वाटत नसे.

बहात्तरचा हंगामाचा सणही मला आठवतो. एरवी त्या रविवारी चर्चमध्ये कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी यांचा ढीग असायचा आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. त्या वर्षी काय आणणार? कुणी कडब्याची पेंडी आणली, कुणी ओंजळभर मिलो. दुष्काळी कामावरच्या बायकांनी वाट्याची सुकडी कागदात बांधून आणली होती. लिलाव नेमाने झाला. जमलेले पैसे मंडळीनं वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटले, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही होते.

आत्याविषयी आणखी एक सांगितलं नाही तर तिचं चित्र अपुरं राहील. तिला घेताही यायचं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी तिला इरकली लुगडं नेलं. कशाला आणलंस, माझ्याजवळ आहेत, असं ती काही म्हणाली नाही. उलगडून काठ पाहिले, गालाला लावलं आणि त्याच रविवारी नेसून चर्चला आली. ज्याला त्याला दाखवलं. शेजारणीनं पिठलं आणलं तरी ती तितक्याच आनंदानं घ्यायची. काही माणसं नुसतं देत राहतात आणि दुसऱ्याचं काडीभर घेताना आखडतात. समोरच्याला ती कायम धाकटं करून ठेवतात. आत्यापुढं मला कधी धाकटं वाटलं नाही. तिचं माझ्यावरचं ऋण मला जड झालं नाही ते यामुळंच.

ती गेल्यावर पुढं 2013 चा उन्हाळा आला. अंबड, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी जपलेली झाडं कुऱ्हाड लावून तोडली, आणि जालना शहर टँकरवर जगलं. त्यानंतर 2020. टाळेबंदीत चर्चला कुलूप होतं. जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत परप्रांतांतली पोरं कामाला. कामं बंद, गाड्या बंद. 7 मेच्या संध्याकाळी मध्य प्रदेशातले काही कामगार जालन्याहून रुळांच्या कडेनं पायी निघाले. पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांमध्ये पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांची छायाचित्रं सगळ्या देशानं पाहिली. आम्हां जालनेकरांना ती वेगळी दिसली. ती माणसं आमच्या गावातून निघाली होती. कुणाच्या तरी दारावरून गेली असतील आणि त्या दारामागे येणाऱ्याचा वाटा असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवसापासून मंडळीतली तरुण मुलं रस्त्यावर पाणी आणि खिचडी घेऊन उभी राहिली. माझी बायको आणि मी घरी भाकरी भाजत होतो. आमचं निवृत्तिवेतन चालू होतं, त्यामुळं आम्हांला देणं सोपं होतं. त्या मुलांतल्या दोघांचे पगार निम्म्यावर आले होते. आत्याच्या रांगेत मी त्यांना माझ्या पुढं धरतो.

माझी सून पुण्यात एका कंपनीत आहे. मागच्या वर्षी तिच्या विभागातली बरीच माणसं कमी केली, तिचं नाव कधी येईल याचा नेम नव्हता. घराचा हप्ता मोठा. आत्याची गोष्ट तिनं माझ्या मुलाकडून ऐकलेली होती आणि लग्नानंतर तिनं आपल्या परीनं तीन वाटे सुरू केले होते. तिचे फोनमध्ये असतात, तीन खात्यांत. एका रात्री तिचा फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या रखवालदाराच्या मुलीला डेंग्यू झाला होता, दवाखान्यात अनामत भरायची होती. “बाबा, येणाऱ्याच्या खात्यात काहीच नाहीये. आणि घरच्यातून काढलं तर हप्ता चुकतो. काय करू?”

मी तिला म्हटलं, पहिल्या खात्यातून घे. देवबापाकडून उसने म्हणून लिहून ठेव आणि पुढच्या पगाराला फेड.

“आणि पुढचा पगार झालाच नाही तर?”

“तर मला सांग. मी फेडतो.”